एक्स-रे स्वच्छ, तरी धाप का लागते?

जिना चढताना धाप लागते, एक्स-रे मात्र ‘नॉर्मल’ येतो. मग कधी ॲसिडिटीची गोळी, कधी खोकल्याचे औषध, असे महिने जातात. दमा आणि सीओपीडी (बहुधा धुरामुळे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांमध्ये मुख्य अडचण असते ती अरुंद झालेल्या श्वासनळ्यांतून हवा बाहेर पडण्याची, आणि हवेचा वेग एक्स-रेत दिसत नाही. तो स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोरात फुंकण्याच्या चाचणीत, मोजतात. म्हणून छातीचे डॉक्टर शोधताना तिथे स्पायरोमेट्री होते का, हे आधी विचारावे. कायमचा पंप लिहून देण्यापूर्वी ती करणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम.

पाटीवर रेस्पिरेटरी मेडिसिनमधील एमडी किंवा डीएनबी (जुन्या पाट्यांवर ‘टीबी अँड चेस्ट’) किंवा डीटीसीडी हा डिप्लोमा असावा. नुसते ‘चेस्ट स्पेशालिस्ट’ असेल, तर चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर थुंकीची टीबी तपासणी आधी उरका. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

चाचणी सोपी दिसते, पण बिघडते रुग्णाच्या फुंकरीवर. छाती पूर्ण भरून घ्यायची, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे, आणि एका झटक्यात जोर लावून निदान सहा सेकंद फुंकत राहायचे. सुरुवात हळू झाली, ओठांतून हवा निसटली किंवा मध्येच खोकला आला, तर ती फुंकर बाद. किमान तीन चांगल्या फुंकरी लागतात. नंतर सामान्यतः ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या रुंद करणारे औषध) देऊन १५ ते २० मिनिटांनी पुन्हा मोजतात. त्यासाठी सकाळचा पंप घ्यायचा की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा डोळ्यांचे ऑपरेशन झाले असेल, तर तसे आधी सांगा.

रिपोर्टमध्ये एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकरीत बाहेर पडलेली हवा) यांचे गुणोत्तर पाहा. औषधानंतरही ते ०.७० च्या खाली राहिले, तर सीओपीडीची शंका बळावते. उतारवयात निरोगी माणसाचेही गुणोत्तर घसरते, तेव्हा आकड्यासोबत लक्षणे आणि धुराचा इतिहास हवाच. दम्याचे उलट: बऱ्या दिवशी रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून एका चाचणीवर दमा नाकारता येत नाही. आणि डॉक्टरांनी चूल, खडी क्रशर, खिडकीतली कबुतरे यांची चौकशी केली, तर ते योग्य दिशेने चालले आहेत असे समजा.

आता बातम्यांकडे. ‘नव्या इंजेक्शनने सीओपीडीचे झटके ३० टक्के कमी’ हा मथळा घ्या. झटका म्हणजे इथे आजार अचानक बळावणे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डुपिलुमॅब या इंजेक्शनच्या चाचणीत औषधाविना दिलेले इंजेक्शन घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी १.१० झटके आले, तर डुपिलुमॅब घेणाऱ्यांना ०.७८. म्हणजे साधारण तीन वर्षांत एक झटका वाचला. शिवाय त्यात घेतलेले रुग्ण आधीच तीन औषधांच्या पंपावर होते आणि त्यांच्या रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी दर मायक्रोलिटरला किमान ३०० होत्या. मथळ्यातून गळते ते नेमके हेच. आपला आकडा जुन्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्टमध्ये सापडतो. तो टक्क्यांत दिला असेल तर एकूण पांढऱ्या पेशींशी गुणा: ८००० चे ४ टक्के म्हणजे ३२०. मात्र स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना काढलेल्या रक्तात हा आकडा खोटा कमी दिसतो, तेव्हा तो रिपोर्ट हिशेबात धरू नका.