गंज हिशेबाने चढवला तर

पिवळ्या आयर्न ऑक्साइडची, म्हणजे गंजाच्याच जातीच्या रंगद्रव्याची, चिमूटभर पूड लोखंडी पळीत घेऊन चांगल्या आचेवर धरली, की ती आधी कडेने लाल पडू लागते आणि बघता बघता सगळी विटकरी होते. बाहेरून काही मिसळलेलं नसतं. उलट तिच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं. ही पिवळी पूड म्हणजे गोएथाइट. त्याच्या स्फटिकात लोखंड आणि ऑक्सिजनबरोबर हायड्रोजनही असतो. तापल्यावर तो पाणी होऊन निघून जातो आणि मागे राहतं लाल हेमॅटाइट. तिसरं भावंड काळं, चुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइट. तपकिरी रंग बहुतेक वेळा या तिघांच्या मिश्रणातून येतो.

गेरूतही हेमॅटाइटच असतं. मग कारखान्यात हे रंग बनवायचा खटाटोप कशाला? खाणीतल्या मालात चिकणमाती आणि वाळू मिसळलेली असते, शिवाय दर खाणीची छटा निराळी. कारखान्यात कणाचा आकार आपल्या हातात राहतो, आणि माझ्या मते खरी किमया तिथेच आहे. हेमॅटाइटचा कण 0.1 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असेल तर लाल रंगाला पिवळसर झाक येते. तोच 1 मायक्रॉनपर्यंत वाढला की रंग जांभळट होतो. रसायन तेच!

पिवळा रंग करायची पेनिमन पद्धत तर फारच देखणी. फेरस सल्फेट या लोखंडाच्या क्षाराच्या गरम द्रावणात भंगार लोखंड टाकतात, गोएथाइटचे अतिसूक्ष्म स्फटिक बियाण्यासारखे सोडतात आणि खालून हवा फुंकतात. त्या बियाण्यावर ऑक्साइडचे थर चढतात. त्या क्रियेत सुटलेलं आम्ल आणखी लोखंड विरघळवतं आणि चक्र चालू राहतं. हवी ती छटा आली की थांबायचं.

जर्मनीत 1925 साली रसायनशास्त्रज्ञ लाउक्स यांनी ॲनिलीन हे सेंद्रिय रसायन बनवताना उरणाऱ्या लोखंडी गाळाचंच रंगद्रव्य केलं.

यातला बराच माल सिमेंटमध्ये जातो. सिमेंटच्या अल्कलीपुढे अनेक सेंद्रिय रंग टिकत नाहीत, आयर्न ऑक्साइडला मात्र तिचा त्रास नाही. उन्हातही ते विटत नाही. फरशीच्या ब्लॉकमध्ये सिमेंटच्या वजनाच्या साधारण 5 टक्के पूड पुरते. त्यापुढे कितीही घातली तरी रंग फारसा चढत नाही. लिपस्टिकमध्ये आणि औषधी गोळ्यांच्या आवरणातही हीच भावंडं असतात, अर्थात जास्त शुद्ध केलेली.

तापणाऱ्या वस्तूंसाठी मात्र लालच निवडतात. पिवळा पळीतल्यासारखा लाल होतो, आणि काळाही तापल्यावर हवेतला ऑक्सिजन घेऊन लालसर तपकिरी पडतो.