डॉज सिटीत कमरेला पिस्तूल? सक्त मनाई!

'गनस्मोक' ही अमेरिकी मालिका १९५५ ते १९७५ चालली. तिच्यामुळे कॅन्ससच्या डॉज सिटीत एकोणिसाव्या शतकात जो तो कमरेला पिस्तूल लटकवून फिरायचा, असा समज पक्का झाला. प्रत्यक्षात गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती. त्या काळच्या एका छायाचित्रात भर रस्त्यावर तशी पाटीच दिसते! गुरं हाकत आलेल्या काउबॉयच्या पैशावर गाव जगायचं. दारूच्या नशेतला गोळीबार दुकानदारांना कसा परवडणार?

अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोनमध्येही बंदी होती. 'ओके कॉरल' या घोड्यांच्या कोंडवाड्याच्या नावाने ओळखली जाणारी २६ ऑक्टोबर १८८१ ची चकमक त्यावरूनच पेटली. गावात पोलिसाचं काम करणारे अर्प बंधू समोरच्या काउबॉय टोळीची हत्यारं काढून घ्यायला गेले होते, निदान त्यांचं म्हणणं तसं. जेमतेम अर्ध्या मिनिटाची ती झटापट कॉरलमध्ये नव्हे, जवळच्या मोकळ्या जागेत झाली.