सीमधला स्टार डावीकडे का बसला? : डिक्लरेशनची पार्श्वभूमी

सोलापुरात डिप्लोमाच्या ओरलला सी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘इंट *ए[10]’ आणि ‘इंट (*ए)[10]’ या डिक्लरेशनांतला, म्हणजे ‘ए’ कोणत्या प्रकारचा ते सांगणाऱ्या ओळींतला, फरक हमखास विचारतात. पहिलीत ‘ए’ हा दहा पॉइंटरांचा (मेमरीतला पत्ता धरणाऱ्यांचा) ॲरे, म्हणजे ओळीने मांडलेला संच; दुसरीत तो दहा इंटांच्या (पूर्णांकांच्या) ॲरेचा पॉइंटर. ‘नावापासून सुरुवात, आधी उजवीकडे, मग डावीकडे’ हा वाचायचा नियम मुलं घडाघडा म्हणतात आणि तरी अडखळतात. दोष मुलांचा नाही, गुंता भाषेच्या जन्मातलाच आहे.

सीच्या आधीच्या बी भाषेत डेटाचे (पूर्णांक, अक्षर असे) प्रकारच नव्हते. पीडीपी-11 या संगणकावर एकेक बाइट हाताळायची वेळ आली तेव्हा ते आणावे लागले आणि 1971 ते 1973 दरम्यान सी घडली. वापरताना जे जसं लिहायचं, तसंच ते डिक्लेअर करायचं, असं ठरलं. ‘*ए[3]’ लिहिलं की इंट हाती येतो, म्हणून डिक्लरेशन ‘इंट *ए[10]’.

कल्पना उत्तमच होती. घोळ केला तो स्टारने, म्हणजे पॉइंटरच्या ‘*’ या खुणेने. बीमध्ये तो डावीकडे होता, सीतही तिथेच राहिला. चौकोनी कंस आणि फंक्शनचा कंस मात्र उजवीकडे, शिवाय पहिला मान त्यांचा. स्टारला आधी धरायचं तर त्याला नावासकट कंसात घालावं लागतं. तोच उजवीकडे असता, तर ‘इंट ए[10]*’ म्हणजे दहा पॉइंटरांचा ॲरे आणि ‘इंट ए*[10]’ म्हणजे ॲरेचा पॉइंटर. जादा कंस लागलाच नसता. भाषेचे कर्ते डेनिस रिची यांनी 1993 मध्ये हे मोकळेपणाने मान्य केलं, पण बदलायची वेळ केव्हाच टळली होती. माझ्या मते सीमधली सगळ्यात महाग पडलेली जागा हीच.

1989 च्या प्रमाण सीने आर्ग्युमेंटचे (फंक्शनला दिलेल्या किमतींचे) प्रकारही कंसात आणले आणि सिग्नल फंक्शन असं दिसू लागलं (व्हॉइड म्हणजे काहीच परत न देणं):

व्हॉइड (*सिग्नल(इंट, व्हॉइड (*)(इंट)))(इंट);

शेवटचा ‘(इंट)’ सिग्नलचा नाही, सिग्नल ज्याचा पॉइंटर परत देतं त्या फंक्शनचा आहे. प्रकाराला नवं नाव देणारा टाइपडेफ वापरला की हेच दोन ओळींत सुटतं:

टाइपडेफ व्हॉइड (*हँडलर)(इंट);
हँडलर सिग्नल(इंट, हँडलर);

पाठ केलेला नियम बेतलाय इंग्रजी वाक्यावर. मराठीत मुख्य शब्द शेवटी येतो. म्हणून ‘इंट (*ए)[10]’ सोडवताना मी फळ्याच्या उजव्या टोकाला आधी ‘पॉइंटर’ लिहितो. त्याच्या डावीकडे ‘ॲरेचा’, मग अजून डावीकडे ‘दहा इंटांच्या’. मुलं ते डावीकडून सरळ वाचतात : दहा इंटांच्या ॲरेचा पॉइंटर.