एन्झाइम, एंझीमा आणि शब्दाच्या पोटातलं यीस्ट

इंग्रजीत 'एन्झाइम', पोर्तुगीजमध्ये 'एंझीमा', आपल्या शाळेच्या पुस्तकात 'विकर'. रासायनिक क्रियेचा वेग वाढवायचा आणि क्रिया संपल्यावर स्वतः जसंच्या तसं उरायचं, हे त्याचं काम. बहुतेक विकरं प्रथिनं असतात. रक्तातलं कॅटॅलेज घ्या: त्याचा एकच रेणू दर सेकंदाला हायड्रोजन पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो!

मला मात्र या शब्दाचं मूळ जास्त मोहात पाडतं. ग्रीकमध्ये 'एन' म्हणजे आत आणि 'झ्यूमे' म्हणजे खमीर. 1877च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यून यांनी हा शब्द घडवला. तोवर सगळ्यालाच 'फर्मेंट' म्हणायचे. साखरेपासून अल्कोहोल बनवणारं जिवंत यीस्टही फर्मेंट आणि जठरातलं निर्जीव पेप्सिनही फर्मेंटच. आंबवण्यासाठी जिवंत पेशी हवीच, असं लुई पाश्चर ठामपणे सांगत. क्यून यांनी नवं नाव दिलं ते पेप्सिनसारख्या निर्जीव पदार्थांना, म्हणजे जिवंत यीस्टला वगळूनच.

पुढे 1897मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर रगडलं, दाबून त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रसातून बुडबुडे येऊ लागले. जिवंत पेशींशिवाय साखर आंबत होती! म्हणजे यीस्टची करामतही त्याच्या आतल्या विकरांचीच होती, आणि 'खमिरातलं' हे नाव अक्षरशः खरं ठरलं. या शोधासाठी बुखनर यांना 1907चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पोर्तुगीज वाचताना अडखळायला होतं ते जुन्या शब्दापाशी. 'फर्मेंतु' तिथे आजही रोजच्या बोलण्यात आहे, पण त्याचा अर्थ विकर नव्हे. ब्राझीलमध्ये 'जैविक फर्मेंतु' म्हणजे यीस्ट आणि 'रासायनिक फर्मेंतु' म्हणजे चक्क बेकिंग पावडर. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून वायू सुटतो, विकराचा तिथे संबंधच नाही. जुन्या शास्त्रीय मजकुरात हाच शब्द दिसला, तर आधी त्याचं साल पाहावं.

नावांच्या शेपटांचं मात्र दोन्ही भाषांत छान जमतं. स्पेलिंगमध्ये शेवटी 'एएसई' असेल तर बहुधा विकर, 'ओएसई' असेल तर साखर. लॅक्टोज ही दुधातली साखर, लॅक्टेज हे तिला तोडणारं विकर. फरक एका अक्षराचा.