पन्नासची घुरघुर

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा भागातल्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या भाच्यानं यंदा गाण्यांसाठी घरीच बेस गिटार रेकॉर्ड करायला घेतली. जुनी बेस, लॅपटॉप, साधा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी). पहिल्याच रात्री फोन : "मामा, नुसतं घुर्रर येऊन राह्यलं! सोन्याची पिनवाली वायर घेऊ का?"

सोन्याच्या मुलाम्यानं पिन गंजत नाही, एवढंच. घुरघुरीवर त्याचा उपयोग दाराच्या लिंबू-मिरचीइतका.

बेसच्या तारांखाली असतो पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं तेच. पण वेढ्यांना भेदभाव कळत नाही. खोलीतल्या पंख्याचं आणि स्टॅबिलायझरचं क्षेत्रही ते तितक्याच इमानदारीनं पकडतात, आणि आपली वीज सेकंदाला 50 वेळा झुलते.

"मग पन्नासवालं कापून टाकू सॉफ्टवेअरमधी."

इथंच खरी गंमत आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर 41.2 हर्ट्झ देते, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं; तिच्या शेजारची 55. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीवर, बोट ठेवलं की 49. म्हणजे 50 कापायला गेलात तर तो सूरही पोकळ होणार. आणि न कापता तोच सूर लांबवला, तर 49 आणि 50 एकमेकांत मिसळून सेकंदाला एक असा झोका ऐकू येतो. तंबोरा जुळवताना दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की येतो तसाच.

उपाय 1957 मध्ये फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या प्रिसिजन बेसवर आला. पिकअपचे दोन तुकडे, दोन जाड तारा एकावर, दोन बारीक दुसऱ्यावर. एका तुकड्याचे वेढे उलटे, म्हणून दोन्हींत शिरलेली बाहेरची घुरघुर एकमेकींतून वजा होते. पण त्याच तुकड्याचं चुंबकही उलटं ठेवलेलं असतं, त्यामुळे तारेचा आवाज दोनदा उलटून पुन्हा सरळ होतो आणि शाबूत राहतो. (हे डोक्यावरून गेलं असेल तर दोन ऋण मिळून धन, एवढं धरा.) दोन स्वतंत्र पिकअप असलेल्या बऱ्याच बेसवर हीच युक्ती असते, फक्त दोन्ही आवाजाची बटणं सारखी उघडी ठेवावी लागतात.

भाच्याच्या बेसला एकच साधा पिकअप. त्याला म्हटलं, बेस हातात धरून जागेवरच हळूहळू गोल फिर. आवाज कमी-जास्त झाला तर दोष चुंबकीय क्षेत्राचा. जिथं कमी, त्याच दिशेला तोंड करून बस. तारांना हात लावताच आवाज कमी झाला तर दोष अर्थिंगचा किंवा शिल्डिंगचा, म्हणजे बाहेरची घुरघुर अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा. आणि हाताला झिणझिण्या आल्या तर सगळं काढ, आधी वायरमनला बोलाव. शिवाय इंटरफेसवर गिटारची खूण असलेलाच जॅक वापर. त्याचा रोध साधारण दहा लाख ओहम असतो. माइकच्या किंवा लाइनच्या जॅकचा त्यामानानं फारच कमी, तिथं पिकअपवर भार पडून वरचे सूर मरतात आणि बेस घोंगडी पांघरल्यासारखी वाजते.

चार दिवसांनी गाणं आलं. घुरघुरीचा मागमूस नाही. कुठल्या दिशेला बसलास, विचारलं.

"कुठंच नाई मामा. लाइन गेली होती. लॅपटॉपच्या बॅटरीवर केलं."