भिंतीला अर्धा किलोवॉट, केळीला सहा

हरित इमारत म्हटलं की दुहेरी काच, पांढरं छत आणि गच्चीवर सोलर एवढंच डोळ्यांसमोर येतं. ऑफिसपुरतं ते ठीक. पण जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर या केळीच्या पट्ट्यात केळीचं पॅकहाउस आणि त्याला लागून रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवण्याची थंड खोली, बांधायचं असेल, तर काचेचा नंबर बराच मागे लागतो. ऊर्जा सिम्युलेशन म्हणजे वर्षातल्या ८,७६० तासांचा तासवार हिशेब: उष्णता किती शिरली, आत किती तयार झाली, बाहेर फेकायला वीज किती लागली. त्यात माल आणि यंत्रं यांचा जो वाटा, तो प्रोसेस लोड. पुष्कळ मॉडेलांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

एक चेंबर घेऊ. ६ मीटर लांब, साडेतीन रुंद, ३ उंच. भिंती आणि छत ८० मिमी पफ पॅनेलचं, म्हणजे आत फोम भरलेल्या उष्णतारोधक पत्र्याचं. जमीन सोडून पृष्ठभाग ७८ चौरस मीटर. असं पॅनेल चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला साधारण ०.२८ वॉट उष्णता आत सोडतं. बाहेर ४० अंश, आत १६, म्हणजे सव्वापाचशे वॉट. आता माल. १० टन केळी ३२ अंशांवर आत आली आणि १६ वर आणायची आहे. किलोला अंशामागे ३.३५ किलोज्यूल धरले तर ५,३६,००० किलोज्यूल काढायचे. २४ तासांत काढायचे तर ६.२ किलोवॉट. शिवाय तोडलेली केळी श्वसन करतच असते. टनामागे शंभरेक वॉट, आणि इथिलीन (फळ पिकवणारा वायू) देऊन पिकायला लागली की दीडपट-दुप्पट. वर दीड किलोवॉटचे पंखे अखंड चालू.

पॅनेल ८० ऐवजी १०० मिमीचं घेतलं तर शंभर वॉट वाचतात. तेच पंखे, केळी गार झाल्यावर, ८० टक्के वेगाने चालवले तर वीज जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वाचले सातशेच्या वर वॉट. शिवाय पंख्याची वीज आतच उष्णता होऊन पडते. ती काढायला कॉम्प्रेसर वेगळी वीज खातो, तीही वाचली.

मॉडेलमधली नेहमीची चूक म्हणजे सरासरी. सहा दिवसांच्या फेरीत ६.२ किलोवॉट वाटून टाकले की दिवसाला एकच किलोवॉट दिसतो. यंत्र छोटं निवडलं जातं, पहिल्या दिवशी केळी वेळेत गार होत नाही आणि मधल्या कॅरेटमधली आधीच पिवळी पडते. घाबरून थर्मोस्टॅट १२ च्या खाली ओढला, तर हिवाळ्यात शेतातल्या केळीला बसतो तसा चरका चेंबरमध्येच बसतो. साल काळपट पडते. एनर्जीप्लस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉक-इन चेंबरला माल भरण्याचं वेळापत्रक वॉटमध्ये देता येतं. पहिले २४ तास ६,२०० वॉट अधिक श्वसन, पुढे नुसतं श्वसन, असं लिहावं.

खरी गंमत पुढे आहे: काढलेली उष्णता टाकायची कुठे? यंत्रातल्या शीतकाचं बाष्पीभवन आत ८ अंशांवर, म्हणजे २८१ केल्व्हिन. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४३, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) त्याहून १२ अंश गरम, म्हणजे ५५ अंश किंवा ३२८ केल्व्हिन. एका युनिट विजेत जास्तीत जास्त किती उष्णता काढता येईल, ती कार्नोची मर्यादा २८१ भागिले ४७ (दोन्ही तापमानांतला फरक), म्हणजे ६. जानेवारीच्या रात्री कंडेन्सर ३० अंशांवर आला तर २८१ भागिले २२, जवळजवळ १३. प्रत्यक्षातली यंत्रं याच्या निम्म्याच्या आसपास पोचतात. म्हणजे तेच यंत्र, तीच केळी, आणि एका युनिट विजेत मे महिन्यात ३ युनिट उष्णता निघते, जानेवारीत ६. मॉडेलमध्ये वर्षभर एकच सीओपी, म्हणजे काढलेली उष्णता भागिले वीज, ठोकला की दोन्ही टोकं चुकतात. जळगावची हवामान फाईल न घेता पुण्याची घेतली तरी तेच.

कंडेन्सर अंशाने तापला की वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते. आणि इकडे वास्तुशास्त्र सांगतं म्हणून तो आग्नेयेच्या बोळात, कुंपणभिंतीला चिकटवून बसवतात. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो बिचारा. त्याला दिशा कळत नाही. सावली आणि मोकळी हवा कळते.

कंडेन्सर बाहेर असेल तर चेंबर शेजारच्या पॅकिंग हॉलमधून उष्णता ओढतं, म्हणजे हॉल किंचित गार होतो. हॉलमध्येच ठेवलेला, अंगचा कंडेन्सर असलेला ५०० वॉटचा फ्रीजर मात्र घेतलेली सगळी वीज उष्णता म्हणून हॉललाच देतो. दोन्ही 'प्लग लोड' म्हणजे हॉलमध्ये विजेवर चालणारी साधी उपकरणं म्हणून लिहिले तर एसीचा आकडा फसतो.

दार उघडल्यावर शिरणारी हवा अंशांत मोजू नये, एन्थाल्पीत, म्हणजे हवा आणि तिच्यातलं बाष्प यांच्या एकूण उष्णतेत, मोजावी. मे महिन्यातली ४० अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा किलोमागे सुमारे ६४ किलोज्यूल आणते. पावसाळ्यातली ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची ८७. आतल्या हवेचे ४३ किलोज्यूल वजा केले तर २१ विरुद्ध ४४. दहा अंश गार हवा दुप्पट ओझं टाकते, कारण तिच्यातलं बाष्प कॉइलवर पाणी होताना सुप्त उष्णता सोडतं.

मग हे मॉडेलबाहेर का राहतं? अ‍ॅश्रे ९०.१ या इमारतींच्या ऊर्जावापराच्या अमेरिकी मानकाच्या परिशिष्ट जी-मध्ये सर्वसाधारणपणे प्रोसेस लोड मूळ (तुलनेसाठीचं) आणि प्रस्तावित, दोन्ही मॉडेलांत सारखाच धरतात. त्यातली बचत दाखवायची तर वेगळी गणना आणि पुरावे द्यावे लागतात. समजा दिवे-एसीचे ४०,००० युनिट आहेत आणि त्यात १२,००० वाचले: ३० टक्के. दोन्हीकडे चेंबरचे १,६०,००० मिळवले की तीच बचत ६ टक्के. ३० चा आकडा माहितीपत्रकावर शोभून दिसतो.

म्हणून कॉम्प्रेसर, पंखे आणि हॉल यांना तीन वेगळे मीटर लावावेत. मे महिन्यातली एक फेरी आणि ऑगस्टमधली एक, तासवार नोंदवून मॉडेलशी ताडावी. पहिल्या दिवसाचा उंचवटा मॉडेलमध्ये दिसत नसेल तर आधी माल भरण्याचं वेळापत्रक तपासावं. उंचवटा जुळतो पण ऑगस्ट जुळत नाही, तर दार.