अनुष्का आली की विराट आउट? आकडे बघा की!

हे तुणतुणं 2014-15 पासून वाजतंय. सिडनीच्या वर्ल्ड कप सेमीफायनलला विराट 13 चेंडूंत 1 करून गेला, शिव्या खाल्ल्या अनुष्काने. (तेव्हा लग्नही झालं नव्हतं!) ऑस्ट्रेलियाने 328 ठोकल्या होत्या, ते कुणी आठवत नाही. विराटचा फसलेला 2014 चा इंग्लंड दौराही तिच्याच माथी. खरा घोळ ऑफ स्टंपबाहेर इंग्लंडचा बोलर अँडरसनच्या स्विंगला बॅट लावण्याचा. आणि 15 नोव्हेंबर 2023 ला वानखेडेवर पन्नासावं वनडे शतक झालं, तेव्हा ती स्टँडमध्येच होती की! तो गेला की कॅमेरा मात्र लगेच तिच्या चेहऱ्यावर. रडायचीही चोरी. 2016 मध्ये अखेर विराटनेच ट्रोल्सना जाहीर झापलं.